टाइप चार म्हणजे चौथी स्टेज नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६३ वर्षांचे. महिनाभर कावीळ, अंगाला खाज, संडास पांढरट. आधी गावात कावीळ उतरवून घेतली, गळ्यात माळ घातली, त्यात तीन आठवडे गेले. मग सोनोग्राफी आणि एमआरसीपी, म्हणजे पित्तनळ्यांचा एमआरआय. रिपोर्टात ‘हायलर स्ट्रिक्चर, बिस्मथ टाइप फोर, कोलँजिओकार्सिनोमाची शक्यता’, म्हणजे यकृताच्या तोंडाशी पित्तनळी आवळलीय आणि ती पित्तनलिकेच्या कर्करोगाने असू शकते. भाऊ म्हणतो चौथी स्टेज आहे, घरी घेऊन जाऊ. सीटी पाहून एका डॉक्टरांनी दुसरी स्टेज सांगितली, दुसऱ्यांनी तिसरी. कावीळ मोजणारं बिलिरुबिन १८, सीए १९-९ ही कर्करोगात वाढू शकणारी रक्ततपासणी साडेआठशे. पित्त मोकळं करायला नळीत घालतात तो स्टेंट अजून टाकलेला नाही. कोणाचं खरं धरायचं आणि हातात वेळ किती, असं ताईंनी पत्रात विचारलंय.

यकृत आणि पित्तमार्गाच्या शस्त्रक्रिया करायला लागून मला वीस वर्षं होऊन गेली. टाइप आणि स्टेजचा हा घोटाळा ओपीडीत मला वरचेवर निस्तरावा लागतो. पेशंट बाहेर बाकावर बसलेला असतो, मुलगा एकटाच आत येतो, दार लोटून घेतो आणि हळू आवाजात म्हणतो, "फोर्थ स्टेज आहे, पण त्यांना सांगितलेलं नाही." रिपोर्ट उघडून बघावा तर त्यात ‘टाइप फोर’.

मी अशा वेळी केसपेपरच्या पाठीमागे एक बेचकी काढतो. लहानपणी आंबे पाडायला वापरायचो तीच. यकृताच्या उजव्या भागातून एक नळी येते, डाव्या भागातून एक, दोन्ही यकृताच्या तोंडाशी एकत्र येतात आणि खाली एकच नळी आतड्याकडे जाते. बेचकीचे दोन फाटे आणि मूठ. गाठ मुठीत, फाट्याच्या खाली असेल तर टाइप एक. दोन फाटे मिळतात तिथवर पोचली तर दोन. तिथून उजव्या फाट्यात वर चढली तर तीन-ए, डाव्यात चढली तर तीन-बी. दोन्हीकडे चढली तर चार. फ्रान्सच्या बिस्मथ आणि कॉर्लेट यांनी १९७५ मध्ये केलेली ही विभागणी म्हणजे सर्जनसाठी नकाशा आहे. नळीत गाठ कुठवर गेलीय एवढंच तो सांगतो. रक्तवाहिन्या, लसिकाग्रंथी (लिम्फ नोड), पोटाचं अस्तर, फुप्फुस यांबद्दल त्यात अक्षरही नाही.

पण तुमचा भाऊ अगदीच चुकला असंही मी म्हणणार नाही. कर्करोगाच्या अवस्था ठरवण्यासाठी जगभर वापरतात त्या टीएनएम पद्धतीची (टी म्हणजे गाठ, एन म्हणजे ग्रंथी, एम म्हणजे दूर पसरणं) सातवी आवृत्ती २०१० ची. तिच्यात नळीच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या पायरीच्या फांद्यांपर्यंत गेलेली गाठ, म्हणजे आपला टाइप चार, थेट टी४ मध्ये बसायची आणि टी४ म्हणजे चौथ्या स्टेजचा पहिला भाग. २०१८ पासून वापरात आलेल्या आठव्या आवृत्तीने हे काढून टाकलं. नुसता टाइप चार आहे म्हणून आता टी४ होत नाही, आणि टी४ सुद्धा चौथीतून तिसऱ्या स्टेजमध्ये आलाय. दरम्यानच्या काळात जपानमधल्या नागोयासारख्या केंद्रांनी टाइप चारचे रुग्ण निवडून त्यांच्या गाठी काढून दाखवल्या होत्या आणि त्यातले काही जण वर्षानुवर्षं जगले. आजार होता तसाच राहिला, पुस्तक बदललं. स्टेजच्या आकड्याकडे बघताना एवढं लक्षात ठेवा.

आता दोन डॉक्टरांचं. पित्तनलिकेचा कर्करोग हा अवस्था ठरवण्याच्या दृष्टीने एक आजार नाहीच, तीन आहेत आणि तिघांचे कोष्टक वेगवेगळे. यकृताच्या आत उगवणारा, फाट्याशी उगवणारा आणि खाली स्वादुपिंडाजवळच्या नळीत उगवणारा. निम्म्याहून जास्त रुग्णांत तो फाट्याशीच असतो. येल विद्यापीठाच्या जेराल्ड क्लॅटस्किन यांनी १९६५ मध्ये अशा १३ रुग्णांचं वर्णन केलं म्हणून त्याला क्लॅटस्किन ट्यूमर म्हणतात. तुमच्या वडिलांचा हाच.

यकृताच्या आतल्या गाठीत पाच सेंटिमीटर ही पहिली रेघ आहे, पण आकारापेक्षा गाठ एक आहे की अनेक आणि ती रक्तवाहिनीत शिरलीय का, यालाच जास्त वजन. खालच्या नळीत मात्र खोली मोजतात: पाच मिलिमीटरच्या आत टी१, बारापर्यंत टी२, त्यापुढे टी३. मिलिमीटर का, तर तिथे नळीची भिंत कुठे संपली आणि स्वादुपिंड कुठे सुरू झालं याची सीमारेषा गाठीभोवतीच्या घट्ट तंतूंमुळे पुसून जाते. ‘भिंतीच्या बाहेर गेली का’ या प्रश्नावर दोन पॅथॉलॉजिस्टचं एकमत व्हायचं नाही. पट्टीने मोजल्यावर वाद मिटतो.

फाट्याशी असलेल्या गाठीत खोली, यकृत आणि रक्तवाहिन्या असा क्रम लागतो. नळीच्या भिंतीतच असेल तर टी१. भिंतीबाहेरच्या चरबीत किंवा शेजारच्या यकृतात गेली तर टी२, म्हणजे दुसरी स्टेज. एका बाजूच्या पोर्टल शिरेच्या (आतड्यातून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेच्या) किंवा यकृत-धमनीच्या फांदीला धरलं तर टी३, तिसरी स्टेज. मुख्य पोर्टल शिरेला, दोन्ही बाजूंच्या फांद्यांना किंवा मुख्य धमनीला धरलं तर टी४. तुमच्या दोन डॉक्टरांत वाद बहुधा एवढाच असणार की उजव्या पोर्टल फांदीला गाठ टेकलीय की तिने ती धरलीय. सीटीवर हा फरक दोन-तीन मिलिमीटरचा असतो. एकाच रुग्णाच्या फिल्म सोमवारी आणि गुरुवारी बघून माझीही मतं वेगळी पडलेली आहेत. म्हणून दोघांपैकी कोणी खोटं बोलतंय असं समजू नका. दोघे बाहेरून अंदाज बांधताहेत, त्याला क्लिनिकल स्टेज म्हणतात. गाठ काढून पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर गेल्यावर ठरते ती पॅथॉलॉजिकल स्टेज. पहिलीच्या आधी लहान ‘सी’ लिहितात, दुसरीच्या आधी ‘पी’, आणि आधी केमो देऊन मग गाठ काढली असेल तर ‘वायपी’. स्टेज सांगितली की पहिला प्रश्न हाच विचारायचा: ही ‘सी’ की ‘पी’?

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या जार्नागिन आणि ब्लमगार्ट यांच्या गटाने २००१ मध्ये आणखी एक टी१ ते टी३ अशी मोजणी मांडली. ती शस्त्रक्रिया होऊ शकेल का, याचा अंदाज बांधायला आहे. गाठ नळीत कुठवर गेलीय, पोर्टल शिरेचं काय आणि यकृताची एक बाजू आक्रसलीय का, हे ती एकत्र बघते. म्हणजे बिस्मथचे चार, टीएनएमचे चार टी, चार स्टेज आणि हे तीन. सगळेच आकडे एक ते चारमधले. घरच्यांचा गोंधळ उडाला नसता तरच नवल.

मला विचाराल तर रिपोर्टात माझी नजर टीवर कमी आणि एनवर जास्त जाते. लसिकाग्रंथी. या आजारात पुढे काय होणार हे सांगणाऱ्या घटकांत ग्रंथींइतकं जवळजवळ कशालाच वजन नाही. परिसरातल्या एक ते तीन ग्रंथींत आजार असेल तर एन१, चार किंवा जास्त असतील तर एन२. फाट्याच्या गाठीत एन१ असला की टी काहीही असो, स्टेज तीन-सी. एन२ असला की चौथी, जरी दूर कुठेही काही पसरलेलं नसलं तरी. महाधमनीशेजारच्या ग्रंथींत आजार असेल तर तो दूर पसरलेला धरतात. आणि ‘ग्रंथी निगेटिव्ह’ एवढ्यावर समाधान मानू नका, किती तपासल्या ते बघा. शून्य-बाय-दोन (तपासल्या दोन, आजार एकीतही नाही) आणि शून्य-बाय-बारा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोनच ग्रंथी काढल्या तर आजार नव्हता की शोधला नाही, हे कळायला मार्ग नाही. यकृताच्या आतल्या गाठीत किमान सहा ग्रंथी तपासाव्यात असं आठवी आवृत्ती सुचवते.

इथे आपल्याकडची एक गंमत सांगतो, गंमत कसली, धसकाच. सीटीत मोठी ग्रंथी दिसली म्हणजे कर्करोगच असं आपल्या देशात धरून चालत नाही. काही वर्षांपूर्वी पन्नाशीतल्या एका गृहस्थांना ‘ग्रंथींत पसरलंय, ऑपरेशनचा उपयोग नाही’ असं सांगून परत पाठवलेलं होतं. आम्ही दुर्बिणीतून सोनोग्राफी करून त्या ग्रंथीत सुई घातली. निघाला क्षयरोग. नळीतली गाठ मात्र कर्करोगाचीच होती, आणि ती काढता आली. उलटही होतं. नळीला आकुंचन आलंय पण ते कर्करोगाचं नाहीच: आयजीजी४ नावाच्या प्रतिकारशक्तीच्या आजाराने, पित्ताशयातल्या अडकलेल्या खड्याने, पोर्टल शीर जुनी बंद पडून भोवती झालेल्या शिरांच्या गुंत्याने किंवा क्षयाने. कर्करोग समजून काढलेल्या फाट्याच्या गाठींपैकी काही टक्के शेवटी साध्या निघतात, हे जगभरच्या सर्जनांनी मान्य केलेलं आहे. तुमच्या पत्रात आयजीजी४ चा उल्लेख नाही. ती रक्ताची तपासणी करून घ्या.

बायोप्सीची घाईही नको. ईआरसीपीतून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनळीत शिरून, ब्रशने पेशी घेतल्या तर खरा कर्करोग असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांतच तो सापडतो. ब्रश निगेटिव्ह आला म्हणून पेढे वाटू नका. आणि काढता येण्याजोग्या गाठीत पोटातून किंवा दुर्बिणीतून थेट सुई घालायला मी नकार देतो, कारण सुईच्या वाटेने पेशी सांडण्याचा धोका असतो. प्रत्यारोपणाचा विचार असेल तर अशी सुई घातलेला रुग्ण यादीतूनच बाद होऊ शकतो.

सीए १९-९ साडेआठशे बघून तुम्ही घाबरलात, ते साहजिक आहे. नॉर्मल ३७ पर्यंत. पण बिलिरुबिन १८ असताना हा आकडा फुगतोच, साध्या खड्यानेही फुगतो. पित्त मोकळं करून कावीळ उतरल्यावर परत करा. तेव्हाही तो शेकड्यांत राहिला तर मी सावध होतो आणि पोट उघडण्याआधी लॅप्रोस्कोपीने अस्तरावर दाणे आहेत का ते बघतो. खाली आला तर बरं लक्षण. शंभरातल्या पाच ते दहा माणसांच्या रक्तगटाची ठेवण अशी असते की त्यांच्यात हा पदार्थ तयारच होत नाही, त्यांचा आकडा कर्करोगातही गप्प राहतो.

आता ज्याच्यावर खरं सगळं येऊन ठरतं ती गोष्ट: गाठ पूर्ण निघते की नाही. याला आर-शून्य म्हणतात, म्हणजे कापलेल्या कडेला सूक्ष्मदर्शकाखालीही आजार नाही. आर-एक म्हणजे डोळ्यांना सगळं निघालेलं दिसतं पण कडेला पेशी आहेत. ऑपरेशनमध्ये यकृताचा अर्धा किंवा त्याहून मोठा भाग, त्याच्याबरोबर मागचा छोटा कॉडेट लोब, खालची नळी आणि ग्रंथी एवढं निघतं. कॉडेट लोब का, तर त्याच्या बारीक नळ्या थेट फाट्यावर उघडतात, तो ठेवला की आजार तिथे लपून राहतो. नळी कापली की तिच्या तोंडाची ज्वारीच्या दाण्याएवढी चकती आम्ही खारट पाण्याच्या गॉजवर ठेवून ताबडतोब पॅथॉलॉजीला पाठवतो. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तोवर थिएटरमध्ये कोणी फारसं बोलत नाही, रक्त पुसायचं काम चालू असतं. इंटरकॉम वाजतो, सिस्टर रिसीव्हर माझ्या कानाशी धरते. "कडा निगेटिव्ह" ऐकलं की पुढची जोडणी. "पॉझिटिव्ह" ऐकलं की अजून पाच मिलिमीटर वर जाता येईल का ते बघायचं, आणि कधी कधी वर काही उरलेलंच नसतं. ही गाठ नळीच्या भिंतीतून आणि मज्जातंतूंच्या कडेकडेने दिसते त्याच्या पलीकडे सरपटते, हाच तिचा वाईट गुण. रिपोर्टात ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन’ दिसलं तर दचकू नका, बहुसंख्य रुग्णांत ते असतं. कडेला फक्त वरच्या थरातला, अजून आत न घुसलेला आजार राहिला असेल तर त्याचं वजन घुसलेल्या आजारापेक्षा पुष्कळ कमी, हेही पॅथॉलॉजिस्टला विचारून घ्या. पेशी अजून मूळ पेशींसारख्या दिसतात की फार बिघडलेल्या, आणि गाठ नळीच्या आत तुऱ्यासारखी वाढतेय की भिंतीतून पसरतेय, यानेही फरक पडतो. तुऱ्यासारखी असेल तर नशीब बरं.

स्टेजच्या कोष्टकात एका गोष्टीला जागाच नाही: उरणारं यकृत. क्लॅटस्किन यांनी ५० हून अधिक वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय की हे रुग्ण बहुधा आजार दूर पसरल्याने नव्हे तर तुंबलेल्या पित्तात जंतू होऊन आणि यकृत निकामी होऊन जातात. गाठ असते सुपारीएवढी. कावीळ असलेल्या यकृतात मागे किमान ४० टक्के भाग राहावा असं आम्ही बघतो. तेवढा राहत नसेल तर काढायच्या बाजूची पोर्टल शीर आधी बंद करतात, मग राहणारी बाजू तीन-चार आठवड्यांत वाढते. जपानच्या मकुची यांनी १९९० मध्ये या आजारात हे करून दाखवलं. तरीही हे ऑपरेशन जड आहे. त्यानंतरच्या तीन महिन्यांत दगावण्याचं प्रमाण जगभर ५ ते १५ टक्क्यांच्या घरात आहे, निवडक केंद्रांत कमी. ते कुठे करायचं हे ठरवताना हॉस्पिटलच्या लॉबीपेक्षा ‘अशी वर्षाला किती करता’ हा प्रश्न कामाचा.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य म्हणजे ‘स्टेंट अजून टाकलेला नाही’. चांगल्या प्रतीचा, तिन्ही फेऱ्यांचा (शिरेतून औषध देऊन तीन टप्प्यांत काढलेला) सीटी आणि एमआरसीपी स्टेंटच्या आधीच व्हायला हवा. एकदा नळीत स्टेंट गेला की भिंत सुजते, जाड दिसते, आणि गाठ कुठे संपते ते कोणालाच सांगता येत नाही. स्टेंट टाकायचाच तर कोणत्या बाजूचं यकृत ठेवणार हे सर्जनने सांगितल्यावर त्या बाजूचं पित्त मोकळं करायचं. आंधळेपणाने दोन्हीकडे वायर घालून जंतू सोडलेले रुग्ण आमच्याकडे येतात तेव्हा महिना त्यांचा ताप उतरवण्यात जातो.

वेळ किती, याचं उत्तर आजच्या कागदांवरून कोणी छातीठोक देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण साधारण चित्र सांगतो. फाट्याची गाठ पूर्ण निघाली तर पाच वर्षं पार करणारे २० ते ४० टक्के. ग्रंथी साफ असतील तर वरच्या टोकाकडे, नसतील तर खालच्या टोकाच्याही खाली. ऑपरेशननंतर सहा महिने कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या देण्याची पद्धत ब्रिटनमधल्या बिलकॅप अभ्यासानंतर रुळली. त्यात गोळ्या घेतलेल्या गटाची जगण्याची मीडियन ५१ महिने भरली, न घेतलेल्यांची ३६, जरी तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला काठावर कमी पडला. मीडियन म्हणजे निम्मे त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. तुमचे वडील कोणत्या निम्म्यात, हे तो आकडा सांगत नाही.

गाठ काढता येण्याजोगी नसेल तर २०१० च्या एबीसी-०२ अभ्यासापासून जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही केमोची जोडी. एकट्या जेमसिटाबिनवर मीडियन ८.१ महिने होती, जोडीवर ११.७. २०२२ मध्ये तिच्यात ड्युर्वालुमॅब हे प्रतिकारशक्तीला जागं करणारं औषध जोडलं गेलं. मीडियन थोडीच सरकली, पण दोन वर्षांनी हयात असणारे दहात एकाच्या जागी साधारण चारात एक झाले. म्हणजे थोड्यांना पुष्कळ फायदा. खर्च मोठा आहे, तो घरात बसून मोकळेपणाने बोला, डॉक्टरांशीही बोला. यकृताच्या आतल्या गाठींत एफजीएफआर२ आणि आयडीएच१ हे जनुकीय बदल शोधून त्यावर गोळ्या देता येतात. फाट्याच्या गाठींत ते क्वचित सापडतात, तरी ऊतीचा तुकडा मिळाला तर तपासणी करून ठेवावी. तीन सेंटिमीटरच्या आतली, ग्रंथी साफ असलेली पण कापून न निघणारी गाठ असेल तर आधी किरणोपचार आणि केमो, मग यकृत प्रत्यारोपण, हा मेयो क्लिनिकने १९९३ पासून राबवलेला मार्ग काही मोजक्या रुग्णांत फार चांगला चालतो.

तीन आठवडे गावठी उपायात गेले याचं तुम्ही स्वतःला लावून घेतलंय. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळं झालेलं दाखवतात, ते बघून भले भले भुलतात. तेवढ्या दिवसांत स्टेज क्वचितच बदलते. बिघडतं ते यकृत, वजन आणि रक्त गोठण्याची ताकद. व्हिटॅमिन के आणि आहार आजपासून सुरू करायला सांगा.

येताना कागदी रिपोर्टपेक्षा सीटी आणि एमआरसीपीची सीडी आणा, दोन्हीकडचे सगळे रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून. वडिलांनाही बरोबर आणा, आणि आत बसवा, बाहेर बाकावर नको. मधल्या काळात त्यांना ताप आला, हुडहुडी भरली किंवा ते असंबद्ध बोलायला लागले तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. नळीतलं पित्त नासल्याची ती खूण आहे, त्याच रात्री जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात भरती करा आणि तिथल्या डॉक्टरांना सांगा की स्टेजिंगचा सीटी झालेला आहे, सीडी सोबत आहे.